गिफ्ट लिहून पाठवलेलं पार्सल जर्मनीहून परत आलं, आता एक्सपोर्टची कागदं कशी करू? – सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकी वाचणाऱ्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही इंदूरहून एट्सी या परदेशी ऑनलाइन बाजारावर महेश्वरी स्टोल, साड्या आणि ऑक्सिडाइज्ड दागिने विकता. पार्सल घराजवळच्या कुरियर काउंटरवर देता, फॉर्म तोच माणूस भरतो आणि सांगतो की "गिफ्ट टाकतो, दहा डॉलर टाकतो, म्हणजे तिकडे टॅक्स लागत नाही". आता जर्मनीच्या गिऱ्हाइकाने ऑर्डर करतानाच व्हॅट (तिथला जीएसटीसारखा टॅक्स) भरला होता तरी तिथल्या कस्टमने परत पैसे मागितले, तिने पार्सल घेतलं नाही, ते परत येऊन मुंबईत अडकलंय आणि कुरियरवाले तुमच्याकडे इम्पोर्ट ड्युटी मागताहेत, स्वतःच्याच मालावर. तुम्ही विचारलंय की एक्सपोर्टला कुठली कुठली कागदं लागतात त्याची यादी द्या, आणि जाता जाता हेही की दिवाळीचा फराळ अमेरिकेला पाठवता येईल का.

मी इंदुरातच एक्सपोर्टच्या कागदांचं काम करतो. आधी पीथमपूरच्या फॅक्टऱ्यांचं कंटेनरचं काम जास्त असायचं, आता घरून विकणारे जास्त येतात, साड्यावाल्या ताया, बाग प्रिंटवाले, लेदरची खेळणी करणारे. जवळपास सगळ्यांना आधी यादीच हवी असते. कागदं खाली एकेक करून येतीलच, पण नुसती यादी घेऊन तुमचं काम होणार नाही कारण तुमची अडचण कागद कमी पडले ही नाहीच. तुमची अडचण अशी आहे की वर्षभर माल बाहेर गेला, पैसे आले, गिऱ्हाईक खूश झाले, पण सरकारच्या रेकॉर्डवर तुम्ही एकही एक्सपोर्ट केलेला नाही. कस्टमकडे तुमच्या नावाचं शिपिंग बिल, म्हणजे माल बाहेर पाठवताना भरायचं डिक्लेरेशन, नाही. आणि ते नाही म्हणून परत आलेला माल तुमचाच आहे हे सिद्ध होत नाही, बँकेला आलेल्या डॉलरचं कारण सांगता येत नाही, जीएसटीत एक्सपोर्ट दाखवता येत नाही. तिन्ही त्रास एकाच जागेवरून निघालेत.

ती जागा म्हणजे कुरियरचा फॉर्म. कुरियरने माल बाहेर जातो तेव्हा कस्टमकडे कुरियर शिपिंग बिल, म्हणजे सीएसबी, भरलं जातं आणि त्याचे प्रकार असतात. सीएसबी-४ हा गिफ्ट आणि सॅम्पलसाठी, ज्यात पैशाचा व्यवहार नाही. सीएसबी-५ हा विकलेल्या मालासाठी, त्यात तुमचा आयईसी आणि बँकेचा एडी कोड (दोन्ही काय ते खाली सांगतो), जीएसटी नंबर, इनव्हॉइस नंबर, एचएसएन कोड (मालाच्या प्रकाराचा नंबर) आणि किंमत सगळं येतं. काउंटरवाल्याला सीएसबी-४ सोपा पडतो, आधार कार्डाची झेरॉक्स घेतली की काम झालं, तुम्हाला काही विचारावं लागत नाही आणि पार्सल संध्याकाळच्या गाडीने निघतं. म्हणून बरेच काउंटर तेच करतात आणि विकणाऱ्याला माहीतच नसतं की आपला माल सॅम्पल म्हणून गेलाय. विकलेला माल सीएसबी-४ वर पाठवणं हे चुकीचं डिक्लेरेशन आहे. कस्टम्स ॲक्ट १९६२ च्या कलम ११४एए मध्ये जाणूनबुजून खोटं डिक्लेरेशन दिलं तर मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. घाबरवायला सांगत नाही, दहा-वीस पार्सलवाल्यांच्या मागे कोणी लगेच धावत येत नाही, पण सही तुमच्या नावाची असते, काउंटरवाल्याच्या नावाची नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता जर्मनीत काय झालं असणार ते बघा, कारण हे समजलं की बाकीचं आपोआप समजतं. युरोपियन युनियनमध्ये १ जुलै २०२१ पासून बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मालावर व्हॅट लागतो, आधी २२ युरोपर्यंत सूट होती ती गेली. १५० युरोपर्यंतच्या मालासाठी सोय अशी केली की मार्केटप्लेसने, म्हणजे एट्सीसारख्या साइटने, गिऱ्हाइकाकडून व्हॅट आधीच घ्यायचा आणि आयओएसएस नावाच्या नंबराखाली तिकडच्या सरकारला भरायचा. तो नंबर तुमच्या ऑर्डरच्या पानावर येतो आणि तो कुरियरच्या सिस्टिममध्ये टाकावा लागतो, नुसता डब्यावर लिहून भागत नाही. तुमच्या काउंटरवाल्याने गिफ्ट टाकलं म्हणजे त्याने नंबर टाकलाच नसणार. तिथल्या ऑफिसरने डबा उघडला असेल तर आत काय दिसलं? दुकानाचा टॅग, थँक्यू कार्ड, कदाचित पॅकिंग स्लिपसुद्धा. ऑफिसर म्हणतो हे गिफ्ट नाही, बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा आणा, आणि व्हॅट लावतो, कारण त्याच्या स्क्रीनवर व्हॅट भरल्याची नोंदच नाही. गिऱ्हाइकाला वाटतं या बाईने मला दोनदा पैसे भरायला लावले. म्हणजे गिफ्ट लिहून तिचे पैसे वाचले असं तर झालंच नाही, तिने भरलेला व्हॅट वाया गेला. तसंही गिफ्टची सूट खाजगी माणसाने खाजगी माणसाला पाठवलेल्या वस्तूला असते, युरोपात ४५ युरो, यूकेत ३९ पाउंड, विकलेल्या मालाला ती लागूच होत नाही.

मुंबईत पडलेल्या पार्सलचं आधी बघा, कारण तिथे रोजचं डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं भाडं, चढतं. एक्सपोर्ट केलेला माल तीन वर्षांच्या आत परत आला तर कस्टम ड्युटीतून सूट मिळते, २०१७ चं नोटिफिकेशन क्रमांक ४५ त्यासाठीच आहे, फक्त हाच तो माल हे सिद्ध करावं लागतं आणि ते होतं शिपिंग बिलावरून. तुमच्याकडे तुमच्या नावाचं सीएसबी-५ असतं तर हे सरळ काम होतं. (एलयूटीवर, म्हणजे जीएसटी न भरता एक्सपोर्ट करण्याच्या हमीपत्रावर, पाठवलेला माल परत आला तर जाताना न भरलेला आयजीएसटी, म्हणजे राज्याबाहेरच्या विक्रीचा जीएसटी, भरावा लागतो, पण त्याचं क्रेडिट मिळतं, तो खर्च समजू नका.) आता आज कुरियरला लेखी मेल करा की जाताना जे बिल भरलं त्याची कॉपी द्या, सीएसबी-४ असलं तरी चालेल. त्यात पाठवणारी म्हणून तुमचं नाव आणि मूळ एअरवे बिल (कुरियरची पावती) नंबर असेल. त्याच्यासोबत ऑर्डरचा प्रिंट, स्टोलचे फोटो, गिऱ्हाइकाने नाकारल्याचा मेसेज आणि परतीचा एअरवे बिल जोडा. मानायचं की नाही हे ऑफिसरच्या हातात आहे, कारण तुमच्या कागदावर दहा डॉलर आहेत आणि ऑर्डरवर त्याच्या कितीतरी पट. इथे परत दहा डॉलर सांगून ड्युटी वाचवायचा विचार करू नका, खरी किंमत सांगा आणि जुनी चूक कशी झाली ते पत्रात सरळ लिहा. ड्युटी, डेमरेज आणि कुरियरचा चार्ज मिळून मालाच्या किमतीच्या वर जात असेल तर माल सोडून देण्याचा अर्ज करता येतो, कलम २३ मध्ये ती सोय आहे, कस्टमने माल क्लिअर करायचा आदेश काढायच्या आत तो अर्ज द्यावा लागतो. हातमागाचा स्टोल सोडून द्यायचा म्हणजे जिवावर येतं, मला कळतं, पण हिशोब कागदावर मांडा आणि लवकर ठरवा.

आता पुढच्या पार्सलांचं. सुरुवातीची कामं एकदाच करायची आहेत आणि घरबसल्या होतात. आयईसी म्हणजे इम्पोर्टर एक्स्पोर्टर कोड, डीजीएफटी या परदेशी व्यापाराच्या सरकारी खात्याच्या वेबसाइटवर, सरकारी फी ५०० रुपये, तुमचा पॅन नंबर हाच आयईसी होतो. यासाठी कोणी चार-पाच हजार मागत असेल तर देऊ नका. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यात जाऊन अपडेट करावं लागतं, काही बदल नसला तरी, नाहीतर तो बंद पडतो आणि नेमकं सणासुदीच्या ऑर्डर आल्या की कळतं की कोड इनॲक्टिव्ह आहे. मग एडी कोड, तो तुमच्या बँकेचा १४ आकडी नंबर असतो आणि बँक लेटरहेडवर देते. इथे इंदुरात लहान ब्रँचमध्ये मागितला तर पुष्कळदा समोरच्याला माहीत नसतं, तेव्हा वाद न घालता सरळ फॉरेक्स काम करणाऱ्या ब्रँचचं नाव विचारा आणि तिथे जा. तो ज्या एअरपोर्टवरून माल निघतो तिथे रजिस्टर करावा लागतो, आपला कुरियरचा माल बहुतेक मुंबई किंवा दिल्लीहून निघतो, चांगली कुरियर कंपनी लेटर घेऊन ते करून देते. अकाउंट करंट असावं आणि त्याच नावाचं, ज्या नावाचा आयईसी आहे. नवऱ्याच्या नावाचं अकाउंट आणि तुमच्या नावाचा आयईसी, ही गडबड मी वारंवार बघतो आणि ती नंतर सोडवताना फार चक्कर पडतात.

जीएसटीचं मात्र तुमच्या परिस्थितीवर आहे. एक्सपोर्ट हा दुसऱ्या राज्यात विकल्यासारखा धरतात, म्हणून टर्नओव्हर कमी आहे एवढ्यावर थांबू नका, आणि कम्पोझिशन स्कीममध्ये (छोट्या व्यापाऱ्यांची ठोक टॅक्सची सोय) असाल तर एक्सपोर्ट करताच येत नाही, आधी रेग्युलरमध्ये यावं लागेल. हातकारागिरीच्या मालाला काही सवलती आहेत, तुम्हाला त्या लागतात की नाही हे तुमच्या सीएने तुमचे आकडे बघून सांगावं. रजिस्ट्रेशन असेल तर एलयूटी भरा, फॉर्म आरएफडी-११, जीएसटी पोर्टलवर, फुकट, दर आर्थिक वर्षाला नवीन. एलयूटी असला की आयजीएसटी न भरता माल पाठवता येतो आणि कापडावर, पॅकिंगवर भरलेल्या टॅक्सचा रिफंड मागता येतो. ३१ मार्च उलटला की जुना संपला, एप्रिलच्या पहिल्या पार्सलच्या आधी नवा भरायचा.

आता इनव्हॉइस. इथे मी थोडा वेळ घेतो कारण नव्वद टक्के पार्सल इथेच अडकतात असं माझं मत आहे. मालाचं वर्णन ज्याने डबा बघितला नाही त्याला वस्तू डोळ्यासमोर यावी असं हवं. नुसतं "स्टोल" किंवा "हँडिक्राफ्ट आयटम" लिहिलं की युरोपचं सिस्टिम ते विमानात चढायच्या आधीच परत करू शकतं, तिथे आता अगोदर डेटा जातो आणि त्यात सहा आकडी कोड आणि स्पष्ट वर्णन लागतं. लिहायचं असं: बायकांचा स्टोल, हातमागावर विणलेला, ५५ टक्के कॉटन ४५ टक्के सिल्क, ७० बाय २०० सेंटिमीटर, १ नग, मेड इन इंडिया. टक्के अंदाजाने लिहू नका. महेश्वरीत ताणा सिल्कचा आणि बाणा कॉटनचा, पण वजनात कोण जास्त हे सुताच्या जाडीवर असतं, तुमच्या विणकराला विचारा, त्याला किती सूत लागलं ते तोंडपाठ असतं. आणि हे नुसतं लेबलसाठी नाही, मिश्र कापडाचा कोड वजनात जे सूत जास्त त्यावरून ठरतो.

कोडचं उदाहरण देतो. स्टोल, शाल, स्कार्फ हे ६२१४ मध्ये जातात, सिल्क जास्त असेल तर ६२१४१०, कॉटन जास्त असेल तर ६२१४९०. पण चौकोनी स्कार्फ असेल आणि कुठलीच बाजू ६० सेंटिमीटरच्या वर नसेल तर तो ६२१३, म्हणजे रुमालात जातो. न शिवलेली साडी आपल्याकडे कापडाच्या चॅप्टरमध्ये जाते, सिल्कची साडी ५००७२०१०. शिपिंग बिलावर आठ आकडी कोड लागतो, त्यातले पहिले सहा जगभर सारखे असतात, पुढचे आकडे देशादेशाचे वेगळे, म्हणून समोरच्या देशात किती ड्युटी लागेल ते त्यांच्या कोडवरून बघावं लागतं. ऑक्सिडाइज्ड दागिने ७११७, इमिटेशन ज्वेलरी. तिथे एक गोष्ट फार जपा, इनव्हॉइसवर सिल्व्हर हा शब्द येऊ देऊ नका जर धातू पितळ असेल. लिस्टिंगमध्ये गिऱ्हाइकाला आवडतं म्हणून सिल्व्हर इअररिंग लिहिलेलं असतं, तेच कॉपी करून इनव्हॉइसवर येतं, आणि मग माल खऱ्या चांदीच्या नियमात जातो, ७११३ मध्ये, आणि अडकतो. "इमिटेशन इअररिंग, पितळ, ऑक्सिडाइज्ड पॉलिश" असं लिहा. दागिन्यांत मोरपीस वापरलं असेल तर ते पाठवूच नका, मोरपिसांच्या एक्सपोर्टवर आपल्याकडे बंदी आहे. लाकडी मणी शिसवीचे असतील तर आधी मला किंवा कोणा जाणकाराला विचारा, त्या लाकडावर साइटिसचे, म्हणजे दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, नियम आहेत.

किंमत गिऱ्हाइकाने जी दिली तीच. समजा स्टोल ४८ डॉलरचा होता, सेलमध्ये ४० ला गेला आणि शिपिंग १२ वेगळे घेतले. इनव्हॉइसवर माल ४०, शिपिंग १२, एकूण ५२. शिपिंग बिलावर एफओबी किंमत म्हणजे ४०, भाडं आणि इन्शुरन्स सोडून. युरोपची १५० युरोची मर्यादा बघतानाही शिपिंग वेगळं दाखवलं असेल तर मालाचीच किंमत धरतात, म्हणून या दोन ओळी वेगळ्या असणं तुमच्या फायद्याचं आहे. एक साडी १४० ची आणि शिपिंग २० चं, एकत्र लिहिलं की १६०, मर्यादेच्या बाहेर. आणि कमी किंमत लिहिण्याचा मोह झाला तर हे आठवा की पार्सल हरवलं तर भरपाई लिहिलेल्या किमतीवरच मिळते. एलयूटी असेल तर इनव्हॉइसवर तसं वाक्यही लागतं की माल एलयूटीखाली आयजीएसटी न भरता एक्सपोर्ट होतोय. इनव्हॉइस नंबर तुमच्या रोजच्या सिरीजमधलाच द्या.

पैशाचं अजून एक. वरच्या उदाहरणात बिल ५२ चं पण मार्केटप्लेस कमिशन कापून, पंधरवड्याच्या दहा ऑर्डर एकत्र करून पैसे पाठवतं, म्हणजे बँकेत येणारा आकडा कुठल्याच बिलाशी जुळत नाही. बँकेच्या बाजूला रिझर्व्ह बँकेची ईडीपीएमएस नावाची सिस्टिम आहे, त्यात प्रत्येक शिपिंग बिल उघडं दिसतं जोपर्यंत त्याच्यासमोर आलेले पैसे लावले जात नाहीत. पैसे आणायची मुदत आधी ९ महिने होती, २०२५ च्या शेवटी ती १५ महिने केली. आणि ऑक्टोबर २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने लहान लोकांसाठी चांगली सोय केली, १० लाखांपर्यंतचं बिल एक्सपोर्टरच्या डिक्लेरेशनवर बंद करता येतं, बरेच बँकवाले अजून जुन्याच पद्धतीने कागद मागतात तेव्हा त्यांना हे सर्क्युलर दाखवा. तुम्ही एवढंच करायचं की दर महिन्याला मार्केटप्लेसचं स्टेटमेंट उतरवायचं, ऑर्डर नंबर, इनव्हॉइस नंबर, सीएसबी नंबर, कापलेलं कमिशन आणि पेमेंटची तारीख एका एक्सेलमध्ये एका ओळीत ठेवायची आणि पेमेंट कंपनीकडून फायरा, म्हणजे परदेशी पैसे आल्याची ॲडव्हाइस, मागून घ्यायची. आधी पैसे येऊन मग माल जातो, म्हणून बँकेने पर्पज कोड (पैसे कशाचे आले ते सांगणारा) विचारला तर पी०१०३, एक्सपोर्टचा ॲडव्हान्स. काही बँका कोड स्वतःच टाकतात आणि सर्व्हिसचा टाकून मोकळ्या होतात, मग माल एका नावाने आणि पैसे दुसऱ्या नावाने, स्टेटमेंट आलं की तेवढं तपासा.

जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नमध्ये, एक्सपोर्टचा वेगळा तक्ता आहे, ६ए, त्यात इनव्हॉइससमोर शिपिंग बिलाचा नंबर, तारीख आणि पोर्ट कोड टाकायचा. हे तिन्ही सीएसबी-५ च्या कॉपीवर असतात. तर आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर ऑर्डर, इनव्हॉइस, सीएसबी, बँक आणि जीएसटी या पाच ठिकाणी तेच नाव, तीच वस्तू आणि तीच किंमत दिसली पाहिजे, आणि यातलं सीएसबी सोडून सगळं तुमच्या हातात आहे, म्हणून काउंटरवर आता जाल तेव्हा आधी दोन गोष्टी विचारा: बिल माझ्या आयईसीवर सीएसबी-५ भराल का, आणि त्याची कॉपी मला किती दिवसांत मिळेल. दुसऱ्या प्रश्नावर जो गडबडतो त्याच्याकडे पार्सल देऊ नका. सीएसबी-५ चा थोडा जास्त चार्ज घेतात, तो द्या.  ड्रॉबॅक आणि रोडटेपसारखे (एक्सपोर्टच्या मालावर आधी भरलेले कर परत देणाऱ्या योजनांचे) फायदेही २०२४ पासून कुरियरवर मिळायला लागलेत.

कुरियर की पोस्ट हे खरंच तुमच्या मालावर आहे. महिन्याला चार-सहा हलकी पार्सलं, दागिने, एखादा स्टोल, आणि गिऱ्हाईक दोन आठवडे थांबायला तयार, असं असेल तर मी पोस्ट सांगतो. डाक घर निर्यात केंद्र म्हणून सोय २०२२ पासून आहे, देशभरात हजाराच्या वर केंद्रं आहेत, पोर्टलवर घरून पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट भरायचं, लेबल छापायचं आणि पार्सल द्यायचं, इंदूरच्या जीपीओत जाऊन विचारा, तिथली माणसं समजावून सांगतात. कस्टमचं क्लिअरन्स पुढे फॉरेन पोस्ट ऑफिसात होतं, तुम्हाला मुंबईला जावं लागत नाही. महाग साडी, लग्नाची तारीख असलेली ऑर्डर, किंवा अमेरिकेतलं घाईतलं गिऱ्हाईक असेल तर कुरियर.

अमेरिकेचं वेगळं सांगतो कारण तुमची निम्मी गिऱ्हाइकं तिथलीच असतील. तिथे २०१६ पासून ८०० डॉलरपर्यंतचा माल ड्युटीशिवाय जायचा, २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सूट सगळ्या देशांसाठी बंद झाली. त्याच सुमारास आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ आला, इंडिया पोस्टने २५ ऑगस्टपासून तिकडची पार्सलं थांबवली आणि १५ ऑक्टोबरला परत सुरू केली, ती ड्युटी इथेच भरून घेण्याच्या पद्धतीने. दर त्यानंतरही हलताहेत, म्हणून कुठल्याही जुन्या लेखातला किंवा कोणी पाठवलेला दर धरून किंमत लावू नका, पाठवायच्या दिवशी कुरियरच्या साइटवर तुमचा कोड टाकून बघा. आणि ड्युटी कोण भरणार हे लिस्टिंगमध्येच लिहा. मी माझ्याकडच्या लोकांना अमेरिकेसाठी डीडीपीच सांगतो, म्हणजे ड्युटी तुम्ही भरायची आणि किमतीत धरायची, कारण दारात बिल आलं की गिऱ्हाईक पार्सल नाकारतं आणि परतीचा सगळा भुर्दंड तुमच्यावर. यूकेत १३५ पाउंडपर्यंत आणि ऑस्ट्रेलियात १००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतचा टॅक्स मार्केटप्लेस आधीच घेतं, तिथे तुमचं काम त्यांचा नंबर कुरियरला देण्याइतकंच. स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा इन्स्टाग्रामवरून विकलं तर मात्र ही जबाबदारी तुमची होते, हा फरक बरेच जण विसरतात. युरोपात १३ डिसेंबर २०२४ पासून मालाच्या सुरक्षिततेसाठी तिथला एक जबाबदार प्रतिनिधी दाखवावा लागतो, आणि १५० युरोच्या आतल्या मालावर जी ड्युटी लागत नव्हती तिथे १ जुलै २०२६ पासून दर प्रकारच्या वस्तूमागे ३ युरो घ्यायचं त्यांनी डिसेंबर २०२५ मध्ये ठरवलं, तुमच्या किमतीत तेही धरा.

मागच्या वर्षभराच्या पार्सलांचं तुम्ही विचारलं नाही पण ते मनात असणारच. जुन्या तारखेची बिलं बनवू नका, कोणीही सांगितलं तरी. जे खरं आहे तेवढं गोळा करा, ऑर्डरचे प्रिंट, कुरियरच्या पावत्या, डिलिव्हरीचं ट्रॅकिंग (ते लवकर उतरवा, कुरियरच्या साइटवरून काही महिन्यांत जातं), बँकेचं स्टेटमेंट, आणि फायरा मागवा. ही फाइल घेऊन सीएकडे जा आणि इन्कम टॅक्समध्ये ही विक्री आलीय ना ते आधी बघा, मग जीएसटीचं काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. रक्कम लहान असेल आणि उत्पन्न दाखवलेलं असेल तर हे निस्तरतं.

राहिला फराळ. भावाला किंवा मुलीला घरचा डबा पाठवणं आणि विकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरी केलेला फराळ एका माणसाने दुसऱ्याला भेट म्हणून पाठवला तर अमेरिकेच्या एफडीएला (तिथलं अन्न आणि औषध खातं) पूर्वसूचना द्यावी लागत नाही. विकायचा असेल तर इकडे एफएसएसएआयचं लायसन्स, तिकडे एफडीएकडे माल बनवणाऱ्या जागेचं रजिस्ट्रेशन, त्यासाठी अमेरिकेतला एजंट, आणि प्रत्येक पार्सलची पूर्वसूचना, एवढं सगळं आलं, आणि ते रजिस्ट्रेशन दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरात परत करावं लागतं. एका सीझनच्या चकली-शेवेसाठी हा खर्च निघत नाही, आधीच रजिस्टर असलेल्या नमकीनवाल्याचा पॅकबंद माल घेऊन पाठवणं परवडतं, पाकिटावर घटक इंग्रजीत छापलेले हवेत. दुधाच्या मिठाया कुठेच टाकू नका. आणि गिऱ्हाइकाला दिवाळीची आठवण म्हणून स्टोलच्या डब्यात शेवेचं पाकीट सरकवू नका, खाण्याची वस्तू निघाली की स्टोलसकट पूर्ण डबा थांबतो, द्यायचंच असेल तर छोटं हाताने लिहिलेलं कार्ड द्या.